क्लिकचं वाण

प्रमिलाताई हरकऱ्यांच्या हातची सांबारवडी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं भोपाळच्या सोनागिरीत राहून केलं काय, असं पूर्वी लोक म्हणायचे. पूर्वी, बरं का. गेल्या दीडेक वर्षापासून लोक भलतंच काही म्हणायला लागले होते आणि तिथंच प्रमिलाताईंचं बिनसलं.

सांबार म्हणजे इडलीबरोबरचं ते नव्हे. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि प्रमिलाताईंचं घराणं नागपूरचं. त्यांचा स्वतःचा जन्म भोपाळचाच. पण छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून इकडे हलली तेव्हा सचिवालयाच्या फायलींबरोबर त्यांचे कारकून वडीलही हलले, आणि येताना आईनं पाटा-वरवंटा आणि नागपुरी जीभ तेवढी सोबत आणली. ती जीभ लेकीकडे आली. पुढे लग्न झालं ते कारखान्यातल्या टेक्निशियनशी, अनंतरावांशी. क्वार्टर सुटलं, सोनागिरीत स्वतःचं घर झालं, निनाद झाला, शिकला, एम. पी. नगरातल्या एका ऑफिसात चिकटला. या सगळ्या वर्षांत प्रमिलाताईंनी स्वतःची म्हणून एकच गोष्ट कमावली, ती म्हणजे मान. डिग्री नाही, नोकरी नाही, पण महिला मंडळाचा गणपती असो की कुणाचं डोहाळजेवण, पातेलं गॅसवर चढण्याआधी पहिला प्रश्न हाच असायचा, "प्रमिलाताईंना विचारलं का?"

भिंतीला भिंत लागून कांचन राहायची. बावीस वर्षांपूर्वी अभिजीत साळुंख्यांशी लग्न होऊन साताऱ्याहून आली. नवरा कारखान्यात इंजिनियर, दिवसभर ड्युटीवर. पोरगी एकटी, बावरलेली. पाटवडी कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. हे माझं म्हणणं नाही, प्रमिलाताईंचं आहे, आणि हल्ली त्या ते जरा जास्तच वेळा म्हणतात. प्रमिलाताईंनी तिला हाताला धरून शिकवलं. वडाभात, गोळाभात, पानगे, कढीगोळे, सगळं. कांचनही गुणाची. "ताई, ताई" करत मागे मागे फिरायची, वहीत लिहून घ्यायची.

या दोन घरांमध्ये एक स्टीलचा डबा होता. होता प्रमिलाताईंचा, झाकणावर नाव कोरलेलं, "सौ. प्रमिला अ. हरकरे". पण राहायचा तो दोन्हीकडे. आज इकडून वडाभात भरून गेला की चार दिवसांनी तिकडून कंदी पेढे नाहीतर शेंगदाण्याची चटणी भरून परत यायचा. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलंच तर चिमूटभर साखर टाकतात, पण रिकामा नाही. रिकामा डबा परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. बावीस वर्षांत तो डबा एकदाही रिकामा आला नव्हता. कांचनच्या बाळंतपणात नाही, करोनात नाही, अनंतरावांच्या बायपासच्या वेळीही नाही.

आणि मग ती वेबसाइट आली.

कांचनची मुलगी जुई पुण्याला शिकायला गेली, घर रिकामं झालं, वेळ खायला उठला. तेव्हा निनादनंच तिला सुचवलं, "कांचनकाकू, तुमच्या त्या वह्या आहेत ना, टाका की ऑनलाइन. मी बनवून देतो साइट." आपल्याच पोरानं, बघा! कांचननं साइटचं नाव ठेवलं "ओट्यावरून". एकेक पदार्थ ग्रॅममध्ये मोजून लिहिला, पायरीपायरीचे फोटो काढले, चुकलं तर कसं सावरायचं तेही लिहिलं. अभिजीतराव हसायचे, "चालू दे तुझा टाइमपास." वर्षभर काही नाही. मग एकाएकी काय झालं कुणास ठाऊक, न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंत बायका ती साइट वाचू लागल्या. पानांच्या मधे, कडेला जाहिराती दिसू लागल्या. आणि एक दिवस कांचन धावत भिंतीपाशी आली. "ताई! बँकेत पैसे आले! माझ्या नावावर! पहिल्यांदा आयुष्यात माझ्या नावावर काही आलं हो!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

प्रमिलाताई म्हणाल्या, "अरे वा." आणि आत जाऊन त्यांनी कुकरचं झाकण इतक्या जोरात लावलं की अनंतरावांनी पेपर खाली केला.

जळल्या. सरळ सांगायचं तर जळल्या. दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना बघवत नव्हतं असं नाही. मंडळातल्या मीनाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतः पेढे वाटले होते. पण हे बरं त्यांच्याच पातेल्यातून उपसलेलं होतं ना! सांबारवडीच्या पानावर कांचननं लिहिलं होतं, "ही वडी मी आमच्या शेजारच्या ताईंकडून शिकले." शेजारच्या ताई! नाव नाही, गाव नाही. प्रमिलाताईंनी ती ओळ पंधरा वेळा वाचली. बावीस वर्षं शिकवायचं आम्ही, आणि आम्ही कोण, तर शेजारच्या.

खरं सांगू? कांचननं विचारलं होतं. लिहिण्याआधी भिंतीवरून विचारलं होतं, "ताई, तुमचं नाव घालू ना?" आणि प्रमिलाताईच म्हणाल्या होत्या, "नको गं बाई, कशाला ते इंटरनेटवर नावबिव. लोक काय काय करतात." ही गोष्ट त्या विसरल्या होत्या. म्हणजे विसरल्या नव्हत्या, पण आठवायची वेळ आली की त्यांना नेमकी काहीतरी भाजी निवडायची असायची.

दिवाळीत तर कडेलोट झाला. मंडळाच्या फराळाला अध्यक्षीण इंदुमतीबाईंनी कांचनचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, "आपल्या सोनागिरीचं नाव साता समुद्रापार नेलं" वगैरे. आणि शाल-श्रीफळाचं ताट धरायला उभं कुणाला केलं? प्रमिलाताईंना! "तुम्ही ज्येष्ठ, तुम्हीच धरा." ताट धरून त्या हसत उभ्या राहिल्या, गाल दुखेपर्यंत हसल्या. ते झालं न झालं तोच स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं, पाटवडीला बेसन किती? प्रमिलाताईंनी उत्तराला तोंड उघडलं. शेजारी शिल्पा उभी होती, मंडळातली सगळ्यांत लहान सून. ती मोबाइल काढत म्हणाली, "एक मिनिट हं, कांचनताईंच्या साइटवर बघते. एकदम परफेक्ट असतं."

प्रमिलाताईंनी उघडलेलं तोंड मिटलं. घरी येईपर्यंत मिटलेलंच ठेवलं.

"मला साइट काढून दे," घरात पाऊल टाकताच त्यांनी निनादला फर्मावलं.

पोरगा बिचारा कामाचा. त्यानं आठवड्यात साइट काढून दिली. प्रमिलाताईंनी पहिलाच पदार्थ लिहिला, आठ ओळींत. "बेसन लागेल तेवढं. तिखट अंदाजानं. वडी झाली की समजते." महिनाभरात साइट तिघांनी पाहिली: प्रमिलाताई, अनंतराव आणि निनाद. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीकडे निनादनं अर्ज केला तर उलट टपाली उत्तर आलं, मजकूर फार थोडा आहे, सध्या नाही.

"म्हणजे तिचं चालतं आणि माझं नाही?"

"आई, तिनं दोनशे पानं लिहिलीत. तू आठ ओळी. को खाँ, बेसनाचं मापपण नाही!" चिडला की निनाद अस्सल भोपाळीवर येतो.

"माप बोटांत असतं!"

तो संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. गच्चीवर उन्हात बसून त्या तीळ निवडत होत्या. निनाद लॅपटॉप घेऊन शेजारी बसला होता. तेव्हा प्रमिलाताईंनी मनातलं विचारलं. "हे बघ, मला बराबर सांग. ती नुसती बसून असते आणि पैसे कसे येतात?"

निनादला कामाचं विचारलं की तो खुलतो. "सोपं आहे. समज, आपल्या कुंपणाला पिपलानी बाजारातल्या सोनारानं पाटी लावली. पण तो पाटीचं भाडं देत नाही. म्हणतो, पाटी वाचून जेवढी माणसं माझ्या दुकानात येतील, माणशी एवढे पैसे. तर कांचनकाकूंची साइट म्हणजे कुंपण. जाहिरात म्हणजे पाटी. वाचायला आलेल्या बाईनं जाहिरातीवर बोट ठेवलं, क्लिक केलं, की ती दुकानात गेली. सोनारानं त्या क्लिकचे पैसे दिले. मधली कंपनी आपला वाटा ठेवते, उरलेला काकूंना."

"आणि नुसतं बघितलं तर?"

"ज्या जाहिराती क्लिकवर आहेत, त्यांचं बघण्याचं काही नाही. आणि सगळ्या क्लिकचा भाव सारखा नसतो. मसाल्याची जाहिरात स्वस्त, होमलोनची महाग. शिवाय अमेरिकेतल्या बाईचा क्लिक महाग, आपल्याकडचा स्वस्त."

"घ्या! म्हणजे आमच्या बोटाला किंमतच नाही?" प्रमिलाताईंना त्याचाही राग आला. मग त्यांचा हात तिळांत थांबला. "मग सोपंच आहे की. माझ्या साइटवर जाहिराती लागल्या की मी आणि तुझे बाबा रोज शंभरदा दाबू."

निनाद ताडकन सरळ बसला. "आई! चुकूनसुद्धा नाही! अगं, आपणच घरातली माणसं रोज उठून सोनाराच्या दुकानात डोकावून आलो, खरेदी काही नाही, तर तो गप्प बसेल का? त्याचे फुकट पैसे चाललेत. कंपनी सगळं बघत असते. एकाच ठिकाणाहून धडाधड क्लिक पडले, की तिला वास येतो. खातंच बंद करते. स्वतः दाबले काय, ओळखीच्यांनी दाबले काय, एकच. 'मला मदत करा, दाबा' असं कुणाला सांगायचीसुद्धा चोरी. आणि एकदा बंद झालं ना, की परत मिळणं मुश्कील. कांचनकाकूंना मी हे पहिल्याच दिवशी शिकवलं. दोन तास लागले."

"मला दहा मिनिटांत समजलं," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि पुन्हा तीळ निवडू लागल्या.

तर हे त्यांना समजलं होतं. हे पुढचं ऐकताना लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात शुक्रवारी हरकऱ्यांकडे हळदीकुंकू होतं. दरवर्षी असतं. तीसेक बायका, तिळगूळ, फुटाणे, वर एकेक वाण. त्या वर्षी कांचन नव्हती, भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला गेली होती. जाताना भिंतीवरून ओरडून गेली होती, "ताई, माझं वाण ठेवा हं बाजूला!" थंडी कडाक्याची. काठपदराच्या साड्यांवर स्वेटर चढवून बायका आल्या, सोफ्यावर, सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या, आणि बोलणं आलं कुठे? आलंच. कांचनवर.

"काही म्हणा, पण नशीब काढलं," मीना म्हणाली. "घरबसल्या पैसे. कसं होतं हो ते? प्रमिलाताई, तुमच्या निनादनंच करून दिलंय ना?"

प्रमिलाताई कुंकवाचा करंडा घेऊन फिरत होत्या. आपल्याला काहीतरी विचारलं गेलं याचं त्यांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी सांगितलं. कुंपण, पाटी, सोनार, सगळं अगदी निनादच्या शब्दांत. क्लिक केलं की पैसे. तिथवर सांगितलं आणि पुढे इंदुमतीबाईंच्या कपाळाला कुंकू लावायचं होतं म्हणून थांबल्या.

आणि शिल्पा चित्कारली, "अय्या! मग आपण सगळ्या मिळून करू ना क्लिक! कांचनताई नाहीयेत, त्यांचं वाण राहिलंय. आपण त्यांना क्लिकचं वाण देऊ!"

झालं! बायकांना ती कल्पना इतकी आवडली म्हणून सांगू! वाण लुटायचं तर काय, प्लास्टिकच्या वाट्या अन् गाळण्या कंटाळा येईस्तोवर झाल्या. हे नवीन, आणि फुकट, आणि मैत्रिणीचं भलं. तीस पर्समधून तीस मोबाइल बाहेर आले. इंदुमतीबाई तेवढ्या अनुभवी. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "प्रमिला, असं केलेलं चालतं ना गं? कांचनला काही त्रास नाही ना व्हायचा?"

सगळ्या प्रमिलाताईंकडे बघत होत्या. विचारलं त्यांनाच गेलं होतं, पूर्वी विचारायच्या तसं.

एक वाक्य पुरलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण त्या वाक्याच्या पुढे शिल्पा उभी होती मोबाइल काढून, आणि ती शाल, आणि ते ताट, आणि शेजारच्या ताई. प्रमिलाताई हसल्या.

"त्यात कसला त्रास? पुण्यच आहे," त्या म्हणाल्या.

वर कुणीतरी म्हणालं, नेट चालत नाही हो इथं, तर त्यांनी वायफायचा पासवर्डही दिला. हल्ली पाहुण्याला आधी पाणी देतात, मग पासवर्ड. चार ते सहा, दोन तास नुसता कल्ला. "मी गादीची दाबली!" "मी गुडघेदुखीच्या तेलाची!" मीनानं होमलोनची दाबली, महाग असते म्हणून, आणि पुढे आठ दिवस तिला बँकांचे फोन येत राहिले, कर्ज घेता का, कर्ज घेता का. घरी गेल्यावरही बायका विसरल्या नाहीत. शनिवारी दाबल्या, रविवारी दाबल्या. प्रेमच तेवढं.

रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून कांचनचा फोन आला. लग्नघरातला गोंधळ ऐकू येत होता. "ताई! अहो, तीन दिवसांत केवढे आकडे वाढलेत! महिन्याचे होतात तेवढे! काय झालंय कळत नाही, कुणीतरी मोठ्या ग्रुपवर टाकलं असणार. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय!"

ही दुसरी वेळ. अजूनही सांगता आलं असतं. निनाद तिथंच टीव्ही बघत होता, फोन त्याच्या हातात दिला असता तरी भागलं असतं. प्रमिलाताई म्हणाल्या, "छान झालं गं. येशील तेव्हा बोलू." त्या रात्री त्यांना झोप मात्र छान लागली. हेही सांगायला हवं.

कांचन परतली आणि दोनच दिवसांत कंपनीचा मेल आला. तुमच्या साइटवर अवैध क्लिक आढळले आहेत, खातं बंद करण्यात येत आहे, शिल्लक रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल. बस. फोन करायला नंबर नाही, भांडायला माणूस नाही.

सोनागिरीभर बोभाटा झाला. आता गंमत ऐका. कांचनचं नुकसान झालं म्हणून प्रमिलाताईंच्या जिवाला थंडावा मिळायला हवा होता ना? अहो, कसला थंडावा! जो तो कांचनकडे. इंदुमतीबाई गेल्या, मीना गेली, शिल्पा डोळे सुजवून तिच्या सोफ्यावर बसलेली. "बिचारी कांचन, एवढी मेहनत." भिंतीपलीकडून कपबशांचा आवाज यायचा आणि प्रमिलाताई भाजी चिरता चिरता कान देऊन ऐकायच्या. सत्काराच्या वेळी तिच्याकडे, सुतकाच्या वेळीही तिच्याकडेच! त्यांना त्याचासुद्धा हेवा वाटला. माणसाचं मन किती फाटकं असावं!

कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करायला कांचननं निनादला बोलावलं. तो संध्याकाळभर तिथं बसला. परत आला तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

"आई, सगळे क्लिक भोपाळचे आहेत. सुरुवात शुक्रवारी, चार ते सहा. शुक्रवारी आपल्याकडे हळदीकुंकू होतं ना?"

"होतं. मग?"

"मी त्याच्या आधीच्या रविवारी तुला सांगितलं होतं."

"मला काय कळतंय रे त्यातलं!"

"दहा मिनिटांत समजलं म्हणाली होतीस," निनाद म्हणाला, आणि न जेवताच खोलीत गेला. त्यानं अर्जात खरं ते लिहिलं, की मैत्रिणींनी नकळत मदत म्हणून केलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, निर्णय कायम.

त्या दुपारी अनंतराव झोपल्यावर प्रमिलाताईंनी मोबाइलवर "ओट्यावरून" उघडलं. पानं होती तशीच होती. ग्रॅमची मापं, हाताचे फोटो. त्या फोटोंतला एक हात त्यांचाच होता, वडी वळताना, हिरवी बांगडी. आजवर त्यांनी तो नीट पाहिलाच नव्हता, ती एक ओळ वाचण्यातच सगळा वेळ गेला होता. जाहिराती असायच्या तिथं पांढरे चौकोन होते. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवून पाहिलं. काही झालं नाही. आणि मग त्यांना पहिल्यांदा लाज वाटली. साधीसुधी नाही, तळपायापासून चढत गेलेली.

त्यांनी पिपलानीच्या बाजारातून चार जुड्या सांबार आणला. निवडला, धुतला, पुसला. खोबरं, खसखस, सगळं जीव ओतून. डबा त्यांच्याकडेच होता. काठोकाठ वड्या भरल्या आणि त्या स्वतः गेल्या. वाटेत म्हणायची वाक्यं त्यांनी मनात लावून ठेवली होती. चुकलं गं माझं, इथून सुरुवात होती.

"या ताई," कांचन म्हणाली. डबा दोन्ही हातांनी घेतला. बसवलं, चहा टाकला. चेहऱ्यावर राग म्हणाल तर नाव नाही.

"बायकांनी प्रेमानं केलं हो," चहा गाळताना कांचन म्हणाली. "मी कुणाला काही बोलले नाही. शिल्पा तर किती रडली. म्हणाली, आम्ही प्रमिलाताईंना विचारलंसुद्धा होतं."

प्रमिलाताईंनी कप उचलला.

"आणि निनाद म्हणाला, त्यानं तुम्हालाही सगळं नीट समजावलं होतं. हळदीकुंकवाच्या आधीच्या रविवारी." कांचन समोर बसली. "मला तर समजायला दोन तास लागले होते, ताई."

हीच ती वेळ होती. चुकलं गं माझं. तीन शब्द. पण बासष्ट वर्षांत ते तीन शब्द प्रमिलाताईंनी कुणापुढे उच्चारले नव्हते, आणि जिनं पाटवडी आपल्याकडून शिकली तिच्यापुढे तर ते घशातून वर येईनात. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आम्हाला जुन्या माणसांना काय कळतंय गं त्यातलं."

कांचननं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"हो ना," ती म्हणाली. "चहात साखर बरोबर आहे ना?"

"आहे," प्रमिलाताई म्हणाल्या. चव त्यांना लागलीच नव्हती.

मग दिवस गेले. चार झाले, पाच झाले. भिंतीपलीकडून कांचनचा आवाज यायचा, दूधवाल्याशी, फोनवर जुईशी, पण "ताई" अशी हाक येईना. प्रमिलाताई सारख्या अंगणात. तुळशीला पाणी सकाळी घालायच्या, दुपारी घालायच्या. अनंतराव म्हणाले, "अगं, बुडवशील ती तुळस." डबा येईल, त्या मनाशी म्हणत. डबा आला की कळेल. चटणी असेल तर राग गेला. लाडू असतील तर सगळंच विसरली. अगदीच काही नाही तर साखर असेल. साखर तर असतेच.

नवव्या दिवशी फाटक वाजलं. कांचन होती. छान साडी, केसांत पिन, कुठेतरी निघालेली.

"ताई, डबा," ती हसून म्हणाली. "वड्या मस्त झाल्या होत्या." आणि डबा हातात ठेवून ती गेलीसुद्धा. रिक्षा उभी होती.

मस्त झाल्या होत्या, म्हणाली! प्रमिलाताईंचा जीव भांड्यात पडला. डबा छातीशी धरून त्या लगबगीनं आत आल्या, ओट्यावर ठेवला. हलका होता. असू दे, साखरेला काय वजन असतं? त्यांनी झाकण उघडलं.

डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता. प्रमिलाताईंनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात तिरपा धरला. मग बोट जिभेला लावून ओलं केलं, तळाशी कडेकडेनं गोल फिरवलं आणि चाखून पाहिलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"काय आलं गं कांचनकडून?" बाहेरून अनंतरावांनी विचारलं.

त्यांनी झाकण लावलं. वर त्यांचं नाव होतं, पूर्ण, सौ. सकट.

"काही नाही," त्या म्हणाल्या.